न केलेल्या प्रवासाचीं वर्णनें

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या दादांना पंचाहत्तरावें वर्ष लागलें. दादा म्हणजे माझे वडील बंधु. आमचें कुटुंब अद्याप एकत्र आहे. तीन पिढ्यांचीं अकरा माणसें एका स्वयंपाकघरांत जेवतात, आणि त्यामुळें कोणतेंहि कार्य निघालें कीं त्याच्या आधीं मतभेद निघतात. शांत करावी हें वहिनींचें मत, ब्राह्मणभोजन घालावें हें माझें, आणि दादांचें स्वतःचें मत अगदींच निराळें. ते म्हणाले, "मला एकदां सह्याद्रि जवळून पाहावयाचा आहे. गुडघे शाबूत आहेत तोंवर घेऊन चला." तरुणपणीं ते पुष्कळ डोंगर हिंडले होते, पुढें नोकरी, मुलेंबाळें, आईचें आजारपण यांत तें सारें राहून गेलें. वृद्धाचा हट्ट बालहट्टाइतकाच मानावा लागतो. आम्हीं तो मानला.

जावें कोठें, हें शोधण्याचें काम माझ्या धाकट्या नातवाकडे आलें. त्यानें झोपाळ्यावर बसल्या बसल्या पाव घटकेंत आपल्या फोनवर एक लेख काढून दिला. लेखाचा मथळा असा : "आशियांतील दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी आपल्या महाराष्ट्रांत! आबालवृद्धांनीं एकदां तरी पाहावीच!" खालीं तांबूस खडकांच्या वळणदार भिंतींचें एक मनोहर चित्र, आणि मजकुरांत "सर्व वयाच्या मंडळींस सोयीची सहल" असें आश्वासन. दरीचें नांव सांदण. घरांतील सर्वांनीं तो लेख वाचला, मीहि वाचला. छत्तीस वर्षें मुलांच्या निबंधांतल्या चुका काढीत आलेल्या मला त्या लेखांत एकहि चूक दिसली नाहीं, ही गोष्ट प्रथमच कबूल करितों.

भंडारदऱ्यास मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही अकोले तालुक्यांतील साम्रद या गांवीं पोहोंचलों. सांदण दरी येथून पायीं थोड्याच अंतरावर आहे. दरी अपूर्व आहे, यांत शंका नाहीं. पठाराला कोणीं सुरीनें चीर द्यावी तशी ती काळ्या कातळांत उतरत जाते. दोन्ही अंगांच्या भिंती दोन-तीनशे फूट उंच, मधली जागा कोठें कोठें चार-सहा हातांचीच, आणि तळाशीं ऊन फार थोडा वेळ पोहोंचतें. परंतु तेथें जी वाट म्हणतात ती वाट नव्हेच. लहानमोठ्या धोंड्यांचा नुसता खच. पुढें या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साचलेलें थंडगार पाणी, त्यांत उतरल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि त्याच्याहि पुढें गेल्यास दोर लावून कडे उतरावे लागतात. पावसाळ्यांत या घळींत लोंढा येतो, तेव्हां आंत पाऊल टाकणें म्हणजे प्राण पणाला लावणें होय. यांतलें एक अक्षरहि त्या लेखांत नव्हतें.

पाण्यापर्यंत जाण्याचीहि वेळ आली नाहीं. दोन धोंड्यांच्या फटींत दादांचा पाय अडकला आणि ते खालीं बसले ते बसलेच. वहिनींचा चेहरा मी कधीं विसरणार नाहीं. गांवांतले चार तरुण धांवत आले. त्यांनीं घोंगडीची झोळी करून दादांना वर आणलें, आणि पैसे देऊं लागलों तर दोन वेळां नको म्हणाले. त्यांच्याबरोबरचा एक म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, "म्हाताऱ्या मान्साला हितं कशापायीं आनलं, बाबा?" मीं त्याला फोनवरचा लेख दाखविला. त्याला वाचतां येत नव्हतें, पण चित्र त्यानें पाहिलें. "ही आमची दरी न्हाई," तो म्हणाला. "आमचा कातळ काळा हाय. लिवनारा हितं आलाच नसंल."

मी संस्कृताचा शिक्षक. पण त्या क्षणीं त्या निरक्षर म्हाताऱ्यानें मला वाचावें कसें हें शिकविलें. तांबडा खडक आणि काळा कातळ हा भेद माझ्याहि डोळ्यांसमोर होता. मीं तो पाहिला नाहीं. घरीं आल्यावर नातवानें शोध केला तेव्हां कळलें कीं, तें चित्र अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांतांतल्या अँटेलोप कॅनियनचें होतें.

दादांचा पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. महिना अंथरुणावर गेला. त्या महिन्यांत रोज दुपारीं त्यांच्या उशाशीं बसून नातवानें आणि मीं या एकाच विषयाचा अभ्यास केला : हे लेख लिहितो कोण, आणि असे कां लिहितो?

प्रथम त्या मथळ्याचें गणित केलें. तिबेटांतील यार्लुंग त्सांगपो नदीची, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेचीच, दरी सर्वांत खोल ठिकाणीं सोळा हजार फुटांहून अधिक खोल आहे. नेपाळांत धवलगिरि आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरांवरच्या शिखरांमधून काळी गंडकी वाहते. इतकें दूर तरी कशाला? याच सह्याद्रींतला हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा सांदणच्या भिंतींहून कितीतरी उंच आहे. मग तीनशे फुटांची दरी आशियांत दुसरी कशी? कोणीं तरी एकदां लिहिलें, दुसऱ्यानें तें उतरून घेतलें, तिसऱ्यानें दुसऱ्याचा आधार दिला. आणि आज तेंच वाक्य शेंकडों पानांवर आहे. शाळेंत एका मुलाचें चुकलेलें उदाहरण अख्ख्या बाकावर तसेंच्या तसें चुकलेलें सांपडलें कीं आम्ही काय समजत असूं, हें वाचकांस सांगावयास नको.

या जातीच्या मथळ्यास इंग्रजींत क्लिकबेट म्हणतात. बोट दाबविण्याचें आमिष, असा त्याचा अर्थ. गळाला लावलेला किडा माशाचें पोट भरण्यासाठीं नसतो, तसा हा मथळा वाचकास कांहीं कळावें म्हणून नसतो. त्याचें कारण द्रव्य. आपण पान उघडलें कीं त्यावरील जाहिरात आपल्यापुढें येते, आणि जितकीं पानें उघडलीं जातील तितके पैसे मालकास मिळतात. पान उघडल्यावर आपण समाधानानें वाचलें कीं कपाळाला हात लावून मिटलें, हें जाहिरातदाराच्या हिशेबांत फारसें येत नाहीं. म्हणूनच दहा स्थळांची यादी एका पानावर न देतां दहा पानांवर पसरतात. शिवाय पुष्कळ लेखांत हॉटेलाच्या नांवाखालीं दुवा असतो. आपण तेथून खोली घेतली कीं लिहिणारास दलाली मिळते. मग तो त्या हॉटेलांतील ढेंकणांविषयीं लिहील कशाला?

अमेरिकेंत २०१२ सालीं निघालेल्या अपवर्दी नांवाच्या संकेतस्थळानें तर एकेका मजकुरासाठीं पंचवीस पंचवीस मथळे लिहून काढण्याची रीत पाडली. लेख एक, मथळे पंचवीस! पुढें २०१४ सालीं फेसबुकास असले मथळे मागें ढकलण्याचें धोरण जाहीर करावें लागलें. पण मथळ्यांची जात मेली नाहीं. तिनें वेष तेवढा बदलला.

आतां लिहिणारांविषयीं. नातवाचा एक मित्र कॉलेजांत असतांना शब्दाला कांहीं पैसे या दरानें प्रवासलेख लिहीत असे. त्यानें केरळ, लडाख, अंदमान यांवर मिळून साठ-सत्तर लेख लिहिले. तो स्वतः पुण्याच्या पलीकडे गेलेला नव्हता. मीं त्याला विचारलें, "मग लिहिलेंस कसें?" तो म्हणाला, "आजोबा, दुसऱ्यांचे पांच लेख वाचायचे आणि सहावा लिहायचा. त्या पांचांनींहि तेंच केलेलें असतें." मुलगा गरीब घरचा, फी भरण्यासाठीं करीत होता, त्याच्यावर रागावण्याचें मला धैर्य झालें नाहीं. आतां त्याचें तें काम यंत्र करतें, आणि फुकट करतें.

यंत्राची एक कथा प्रसिद्ध आहे. २०२३ च्या ऑगस्टांत मायक्रोसॉफ्टच्या प्रवासविषयक पानावर कॅनडाची राजधानी ओटावा येथील प्रेक्षणीय स्थळांची यादी आली. तींत तेथील फूड बँक, म्हणजे गरजूंस अन्न पुरविणारी संस्था, हें एक पाहण्यासारखें ठिकाण म्हणून दिलें होतें, आणि तेथें रिकाम्या पोटीं जावें असा सल्लाहि होता! ओरड झाली तेव्हां लेख काढून टाकण्यांत आला. कंपनीनें सांगितलें कीं, हें केवळ यंत्राचें काम नव्हे, माणसाचीहि नजर त्यावरून फिरते. मग तर अधिकच लाज वाटावयास हवी. त्याच सुमारास ॲमेझॉनवर कधीं न फिरलेल्या, किंबहुना अस्तित्वांतच नसलेल्या लेखकांचीं प्रवासमार्गदर्शकें विकलीं जात असल्याचा बोभाटा झाला, आणि सप्टेंबरांत त्या कंपनीनें नियम केला कीं, एका लेखकानें दिवसांत तीनहून अधिक नवीं पुस्तकें चढवूं नयेत. महाभारत रचावयास व्यासांस तीन वर्षें लागलीं असें महाभारतच सांगतें. आतांच्या व्यासांस दिवसाला तीन ग्रंथांची मर्यादा घालावी लागते!

कोणी म्हणेल, पूर्वीचे प्रवासी काय अतिशयोक्ति करीत नव्हते? करीत होते. परंतु ते गेलेले असत. ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरु भारतांत वर्षानुवर्षें हिंडून इ. स. ६४५ मध्यें मायदेशीं परतला. त्याच्या ग्रंथांत चमत्कार पुष्कळ आहेत. पण कोणत्या गांवाहून कोणतें गांव कोणत्या दिशेस आणि किती दूर, हें त्यानें इतक्या निष्ठेनें टिपलें कीं, बाराशें वर्षांनीं कनिंगहॅम यांनीं त्याच्याच आधारें नालंदेसारखीं विस्मृत स्थळें ओळखलीं. आज लिहिलेल्या कोणत्या लेखाच्या आधारें बाराशें वर्षांनीं राहो, उद्यां सकाळीं तरी गांव सांपडेल?

आपल्या घरचें उदाहरण घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापिला. झांशीच्या वेढ्यांत आपण कसे भ्यालों, कोठें लुटले गेलों, हातीं काय उरलें, हें भटजींनीं लपविलेलें नाहीं. गंगेची कावड तेवढी त्यांनीं घरीं पोहोंचविली. आपली फजिती सांगणारा प्रवासी बहुधा खरा असतो. ज्याच्या लेखांत एकहि खोली घाणेरडी नाहीं, एकहि गाडी चुकलेली नाहीं, तो घरून निघालेलाच नसतो.

आणखी एक दोष संस्कृताच्या शिक्षकास विशेष बोंचतो. उपमा देणारास उपमान आणि उपमेय या दोहोंचें ज्ञान असावें लागतें. आंबोलीस महाराष्ट्राचें चेरापुंजी म्हणतात. दोन्हीकडे पाऊस दांडगा, तेव्हां साधर्म्य तरी आहे. पण तापोळ्यास मिनी काश्मीर, प्रत्येक मोठ्या धबधब्यास नायगारा, आणि कोंकणच्या प्रत्येक स्वच्छ किनाऱ्यास मिनी गोवा म्हणणें हें कशाच्या बळावर? तापोळें हें कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या कांठचें एक रमणीय गांव आहे. त्याला स्वतःचें रूप आहे. काश्मीर म्हणून तेथें गेलेला मनुष्य हिरमुसला होऊन परततो आणि तापोळेंहि न पाहतां परततो. खोटी उपमा दोघांचाहि अपमान करिते.

हें केवळ रुचीचें गाऱ्हाणें असतें तर मीं दोन चिमटे काढून लेखणी खालीं ठेविली असती. पण येथें माणसांचे जीव गुंतलेले आहेत. २०२४ च्या जुलैंत माणगांव तालुक्यांतील कुंभे धबधब्यापाशीं चित्रफीत करण्यास गेलेली एक सुशिक्षित तरुण मुलगी दरींत कोसळून मरण पावली. तिला दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. एकुलती एक असो वा पांचांतली एक, कोणाची तरी लेक गेली. परंतु "अज्ञात", "कोणालाहि ठाऊक नसलेला", "जीवघेणा पण सुंदर" अशा शब्दांनीं जो बाजार उभा राहिला आहे, त्यांत प्रत्येकास कड्याच्या आणखी एक पाऊल पुढें जावेंसें वाटतें. आणि "अज्ञात" म्हणून जाहीर झालेल्या स्थळीं पुढच्या रविवारीं पांच हजार माणसें जमतात. साताऱ्याजवळचें कास पठार २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. फुलें तुडविलीं जाऊं लागलीं तेव्हां तेथें रोजच्या माणसांस मर्यादा घालावी लागली. फुलांनीं कोणास बोलाविलें नव्हतें.

सरकार कांहींच करीत नाहीं असें नव्हे. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी उघड सांगावी, असा दंडक जाहिरात मानक परिषदेनें २०२१ सालीं आणि केंद्र सरकारनें २०२३ सालीं घालून दिला. पण जो लेख पैसे न घेतां केवळ न जातां लिहिला, त्यास कोणता कायदा आडवा येणार?

आतां माझी स्वतःची फजिती सांगतों. नाहीं तर मी वर दिलेल्या कसोटीस मीच उतरणार नाहीं. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हीच खरा लेख लिहा." मीं लिहिला. अंतर, चढउतार, पाण्याची खोली, कोणत्या ऋतूंत जाऊं नये, कोणीं जाऊं नये, सारें लिहिलें. मथळा दिला, "सांदण दरी : एक वर्णन." आठ दिवसांत एकेचाळीस जणांनीं वाचला, त्यांत आमच्या घरचे नऊ. मग नातवानें मथळा बदलला : "सांदण दरीचें हें भयंकर सत्य तुम्हांला कोणीहि सांगणार नाहीं!" दोन दिवसांत वाचकांची संख्या हजारावर गेली. आणि वाचकहो, मला आनंद झाला. संध्या आटोपतांच मी प्रथम फोन पाहूं लागलों. मजकूर तर खरा आहे ना, मग मथळा थोडा तिखट असला म्हणून काय झालें, अशी मीं मनाची समजूत घातली.

दादा खाटेवरून सारें ऐकत होते. ते म्हणाले, "कोणीहि सांगणार नाहीं, हें कसें? साम्रदच्या त्या म्हाताऱ्यानें तर न विचारतां सांगितलें."

मी गप्प झालों. मथळा हें वचन आहे. तें खोटें ठरलें तर खालचें सत्यहि बाटतें. त्याच रात्रीं नातवाकडून मथळा बदलून घेतला : "सांदण दरी : गुडघे दुखणाऱ्यांनीं जाण्यापूर्वीं वाचावें." वाचक पुन्हां रोडावले. पण पंधरा दिवसांनीं नाशकाहून एका गृहस्थांचें पत्र आलें. पत्नीस घेऊन दरींत उतरण्याचा त्यांचा बेत होता. लेख वाचून ते दरीच्या तोंडाशींच बसले, आणि तेथून रतनवाडीस जाऊन अमृतेश्वराचें प्राचीन मंदिर व तेथील पुष्करिणी पाहून आले. रस्ता थेट गांवापर्यंत जातो, पत्नीस त्रास झाला नाहीं, असें त्यांनीं लिहिलें होतें.

घरोघरच्या मंडळींस माझी एवढीच विनंती आहे कीं, मुलांनीं सहलीसाठीं लेख पुढें केला तर त्यावर रागावूं नये. त्यांच्याबरोबर बसून पांच प्रश्न विचारावेत. लिहिणाराचें नांव काय? तो केव्हां गेला होता? खर्च कोणीं केला? त्याला तेथें काय आवडलें नाहीं? आणि चित्रांतला खडक कोणत्या रंगाचा आहे? उत्तरें देणारे लेखहि आहेत. शेवटची गाडी केव्हां, पिण्याचें पाणी कोठें, वाट कोठें चुकते, हें साध्या भाषेंत नोंदविणारे कितीक तरुण गिर्यारोहक मला या महिन्यांत वाचावयास मिळाले. त्यांच्या लेखांस मथळा बेताचा असतो, म्हणून ते यादींत खालीं असतात; जरा खालीं उतरण्याचे श्रम घ्यावेत. आणि आपण परतल्यावर घरच्या वहींत चार ओळी लिहून ठेवाव्यात, खऱ्या आणि तारखेसह.

दादांचा पाय आतां बरा आहे. नाशकाचें पत्र मीं त्यांना वाचून दाखविलें, तेव्हां त्यांनीं तें दोनदां वाचावयास लाविलें. मग म्हणाले, "रस्ता थेट गांवापर्यंत जातो म्हणतात ना? मग पुढच्या मार्गशीर्षांत रतनवाडी. तुझ्या वहिनीलाहि विचार." वहिनी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "आधीं त्या पत्र लिहिणाऱ्यांना विचारा, पायऱ्या किती आहेत तें."

आम्हीं पत्र टाकलें आहे. उत्तराची वाट पाहत आहों.